ताई थांबायच्या तिथं

रेडिओवर कुणी गप्प बसलं की मला सहन होत नाही. नाशिकच्या आमच्या छोट्या रेडिओ केंद्रात मी रेकॉर्डिंग साफ करायचं काम करते. श्वास, खोकला, खुर्चीची करकर, सगळं कापते. अहिराणी कार्यक्रम ऑनलाइन न्यायचं ठरलं, तेव्हा आमच्या साहेबांनी स्कॉटलंडच्या गेलिक भाषेचं उदाहरण दिलं. "मूठभर माणसं बोलतात, पण त्यांचा टीव्ही आहे, रेडिओ आहे, फोनवर सगळं मिळतं. आपण काय पाप केलंय?" मी आठवडाभर हेडफोन लावून गेलिक बातम्या ऐकल्या. एक अक्षर कळलं नाही, पण कुठं खंड नव्हता एवढं कळलं. म्हटलं, आपलंही असंच टापटीप हवं.

कार्यक्रम सटाण्याकडच्या एक ताई करायच्या. त्यांची एक खोड होती. श्रोत्यांना प्रश्न विचारायच्या आणि खरंच उत्तराची वाट बघत बसायच्या. "कांदासले पानी दिधं का?" की चार सेकंद गप्प. मग "बरं." मी चिडवायची, "ताई, समोर कोण बसलंय?" त्या हसून म्हणायच्या, "शे ना." म्हणजे, आहे ना. रेडिओवर ते तसंच जायचं. ऑनलाइन टाकताना मात्र मी त्या जागा काढून टाकायची.

इस्पितळात जाण्याआधी ताईंनी सहा भाग एका बैठकीत करून ठेवले. त्या परत आल्या नाहीत. भाग मात्र दर शनिवारी ऑनलाइन येत राहिले, मी कापलेले, चकाचक. गेलेल्या माणसाचा श्वास वेचून काढताना अंगावर काटा यायचा, पण हात काही थांबत नव्हता.

चार भाग गेल्यावर, स्टुडिओत राहिलेला त्यांचा चष्मा आणि डबा द्यायला मी त्यांच्या वडिलांकडे गावी गेले. भर दुपार होती. आप्पा कांदे साठवायच्या चाळीत एकटेच बसले होते, फोन क्रेटला टेकवलेला. फोनमधून ताई बोलत होत्या आणि आप्पा त्यांना उत्तरं देत होते.

"कांदासले पानी दिधं का? तब्येत कशी शे? गुडघा दुखस का आजून?"

"दिधं वं माय," आप्पा म्हणाले, तोवर ताई गुडघ्यावर पोचल्या होत्या. ते "बरी शे" म्हणाले, तोवर पावसाचं सुरू झालं. म्हातारा माणूस मुलीच्या मागं धापा टाकत होता आणि ती थांबत नव्हती.

मला पाहून त्यांनी फोन बंद केला. "पहिले ती सोता पाठाडे. तवय माले बोलू दे." आमचा रेडिओ गावापर्यंत पोचत नाही, म्हणून पूर्वी ताई न कापलेलं रेकॉर्डिंग स्वतः त्यांना फोनवर पाठवायच्या, हे मला तेव्हा कळलं. "आते बोलूच देत नही. दवाखानामा मी तिले भेटाले गऊ नही, धीरच व्हयना नही. मन्हावर रागावनी का ती?"

कापणारी मीच, हे तिथंच सांगायला हवं होतं. चष्मा आणि डबा त्यांच्या हातात देऊन निघाले. भेकड आहे मी.

नाशिकला येऊन मूळ रेकॉर्डिंग काढलं. सहाव्या भागाच्या शेवटी ताई म्हणतात, "सांगा, मी ऐकस." आणि मग पुरं एक मिनिट काहीच नाही, फक्त त्यांचा श्वास. मध्येच एक "हं", कुणी बोलता बोलता अडखळल्यावर आपण देतो तसा. रेकॉर्डिंगच्या वेळी मला वाटलं होतं, दमल्या असतील. आता स्टुडिओत एकटीच होते, तरी मागं वळून पाहिलं.

तो भाग न कापता घेऊन मी पुन्हा आप्पांकडे गेले. आधी सगळं कबूल केलं. ते रागावले नाहीत, नुसतं "लावा" म्हणाले.

"सांगा, मी ऐकस," ताई म्हणाल्या. आप्पांचे ओठ हलायला लागले, पण शब्द एकही फुटेना. फोनमधून "हं" आलं. तरी फुटेना. मिनिट सरत आलं. तेवढ्यात ताईंचा आवाज आला, "बरं. समजनं माले."

आप्पा माझ्याकडे वळले. "मी तं काहीच बोलनू नही," डोळे पुसत ते म्हणाले, "तरी समजनं तिले. रागावनी नही ती."