टेकवलेली कुऱ्हाड

साठ सालानंतरची नऊ-दहा वर्षं मी सांगलीतल्या एका लाकडाच्या वखारीचा ट्रक चालवत होतो. नुसतं स्टिअरिंग धरून भागत नसे. पाटण-उंब्रजच्या बाजूला जायचं, झाड पाडायचं, फांद्या उतरवायच्या, ओंडके करायचे आणि कराड, इस्लामपूर, आष्टा करत सांगलीला आणून टाकायचे. गाडी भरायला तेवढी गावातली चार माणसं हाताशी घ्यायची. बाकी सगळं दोघांत. एक मी आणि दुसरा आबा.

आबा माझा नातलग नव्हे. उंब्रजजवळच्या एका गावचा मराठा, साठीला टेकलेला, डोक्याला मुंडासं, आणि अंगात माझ्यापेक्षा जास्त रग. सगळे त्याला आबा म्हणायचे म्हणून मीही म्हणायचो.

आमची करवत दोघांनी ओढायची होती, दोन्ही टोकांना मुठी असलेली. तिचं तंत्र साधं आहे. आपल्या बाजूला ओढायचं आणि मग हात सैल सोडून समोरच्याला ओढू द्यायचं. ढकलायचं कधीच नाही. ढकललं की पातं वाकतं आणि समोरचा शिव्या देतो. पहिल्या आठवड्यात आबाने मला इतक्या शिव्या दिल्या की त्यातल्या निम्म्या मला नवीन होत्या. माझंही डोकं लवकर तापायचं, पण शिकायचं होतं म्हणून तोंड मिटून ऐकलं. माझं अजून मत आहे की सोयरीक जमवण्याआधी दोन व्याह्यांना एका करवतीवर बसवावं. तासाभरात कळतं, कोण ओढतो आणि कोण ढकलतो.

मतं मला तेव्हाही भरपूर होती. एस.टी.च्या ड्रायव्हरांना वाटतं रस्ता त्यांच्या सासऱ्याने बांधलाय, हे एक. आष्ट्याच्या बाजारादिवशी माणसापेक्षा म्हैस लवकर बाजूला होते, हे दुसरं. आणि लाकडात लाकूड बाभळीचं, बाकी सगळं सरपण, हे तिसरं. आबाला यातलं एकही मत मान्य नव्हतं. त्यामुळे पाटणपासून सांगलीपर्यंत आमचा वेळ चांगला जायचा.

आमची वस्ती गावाबाहेरची, हे आबाला ठाऊक होतं. आम्ही दीक्षा घेऊन बौद्ध झालो त्याला पाच-सहा वर्षं झाली होती, पण तेवढ्याने आबाची जुनी सवय कशी जाणार? तंबाखूची चंची तो माझ्या हातात देत नसे. दोघांच्या मधे, इंजिनाच्या उंचवट्यावर ठेवायचा. ज्याने त्याने आपली घ्यावी. पण पाटणच्या रस्त्याला वळणं फार. प्रत्येक डाव्या वळणाला चंची सरकत सरकत माझ्या मांडीवर यायची. मी ती उचलून पुन्हा मधे ठेवायचो आणि आबा खिडकीबाहेर बघायचा. काही वळणं मी मुद्दाम जोरात घ्यायचो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

आमचं खरं भांडण व्हायचं ते आबाच्या रीतीवरून. झाडाला करवत लावण्याआधी तो वहाणा काढून बाजूला ठेवायचा. बुंध्याला हळदकुंकू लावायचा, नारळ फोडायचा आणि मग कुऱ्हाड बुंध्याशी उभी करायचा. दांड्याचं बूड जमिनीवर आणि पातं सालीला टेकवलेलं. कुऱ्हाडीच्या शेजारी अनवाणी पाय पसरून बसायचा आणि तंबाखूचा एक बार भरायचा. तो बार थुंकेपर्यंत कुऱ्हाड उभी राहिली तर झाडाची परवानगी आहे. पडली तर झाड नाही म्हणतंय. मग ते झाड सोडायचं, वखारीचा शेठ कितीही ओरडला तरी.

मला हे सोसायचं नाही. आम्ही घरातले देव कृष्णेत सोडून आलेली माणसं, आणि इथे हा झाडाची परवानगी मागत बसलाय. मी आबाला तोंडावर अडाणी म्हणायचो आणि ती पूजा चालू असताना गाडीत पाठ करून बसायचो. खोबरं मात्र खायचो. झाड मानत नाहीस आणि खोबरं कसं मानतोस, असं आबा विचारायचा. खोबऱ्याला परवानगी लागत नाही, असं मी सांगायचो.

बहुतेक वेळा कुऱ्हाड उभीच राहायची. पण कधीकधी पडायची, आणि तीही नेमकी माझ्या घाईच्या दिवशी. एकदा पाटणच्या वरच्या अंगाला एका घरापुढचं जांभळाचं झाड होतं. नवऱ्याने ते देऊन टाकलं होतं आणि बायको उंबऱ्यात उभी राहून नुसती बघत होती. कुऱ्हाड पडली, हात हलवत परत आलो. एकदा एका चिंचेला कुणा मजूर बाईने झोळी बांधून मूल झोपवलं होतं. ते उठेपर्यंत थांबू म्हटलं, तर कुऱ्हाडच पडली. एकदा आंब्यावर साळुंक्यांची पिल्लं ओरडत होती, त्या कालव्यात कुऱ्हाड पडलेली मला ऐकूसुद्धा आली नाही. प्रत्येक वेळी मी चडफडत गाडीला हँडल मारायचो, आणि आबा मात्र काही झालंच नाही अशा तोंडाने शेजारी येऊन बसायचा.

असं चाललं असताना एका उन्हाळ्यात आमच्याच गावचं काम आलं. माझं गाव आष्ट्यापासून दोन कोसांवर. शाळेच्या मागे एक मोठा पिंपळ होता. त्याच्या मुळांनी शाळेची मागची भिंत आत ढकलली होती. भिंतीला पोट आलं होतं आणि वरपासून खालपर्यंत हात जाईल एवढी भेग पडली होती. माझी थोरली लेक तेव्हा दुसरीत होती. आमच्या वस्तीची पोरं त्याच भिंतीला टेकून बसत, कारण मागची जागा त्यांची, असा तिथला रिवाज होता. पावसाळा दीड महिन्यावर आला होता. भिंत कुणाच्या अंगावर पडणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. मी ती भेग बघितल्यापासून जेवण गोड लागत नव्हतं.

पंचांनी ठरवलं की पिंपळ तोडायचा. पिंपळाच्या लाकडाला वखारीत कुणी विचारत नाही, पण सरपंच शेठच्या ओळखीचे होते, म्हणून शेठने आम्हाला पाठवलं. आबाने झाडाभोवती एक फेरी मारली आणि कुऱ्हाड गाडीत परत ठेवली. पिंपळावर मुंजा असतो, त्याला आपण हात लावणार नाही, कुऱ्हाड टेकवायचीसुद्धा गरज नाही, असं त्याने सांगून टाकलं. गावातलाही कुणी पुढे होईना. मग सरपंच माझ्याकडे वळले.

"तुमी लोकांनी देव सोडलं न्हवं? मग तुमाला मुंजा काय करनार? तूच तोड की रं."

चार माणसं हसली. माझं डोकं तिथंच तापलं. उद्या सकाळी येतो आणि एकटा तोडतो, एवढं सगळ्यांसमोर बोलून मी छाती काढून घरी आलो.

घरी आई भाकऱ्या थापत होती. वस्तीत सगळ्यात आधी देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडणारी ती. तिच्याइतकी धीट बाई मी दुसरी पाहिली नाही. ती शाबासकी देईल म्हणून मी सगळं रंगवून सांगितलं. आईने तवा खाली उतरवला, माझा दंड धरला आणि मला भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीपुढे उभं केलं.

"ह्येच्या डोईवर सावली कुनाची हाय, बघ जरा."

तसबिरीत पिंपळ होता. मी रोज ती तसबीर बघत होतो आणि रोज पिंपळ बघत होतो, पण दोन्ही एकत्र कधी बघितले नव्हते. आबाला अडाणी म्हणणारा मी. त्या घडीला मला फार ओशाळल्यासारखं झालं. आई म्हणाली, ती कुऱ्हाड झाडाला लागली तर ती घेऊन या घरात पाऊल टाकायचं नाही. पोरीच्या अंगावर भिंत पडली तर काय, असं मी विचारलं. मग भिंत पाड, झाडाने काय केलंय, असं ती म्हणाली आणि पुन्हा तवा चढवला.

तिचं खरं होतं, पण आमच्या वस्तीतल्या माणसाने सांगितलं म्हणून पंच शाळेची भिंत पाडतील, अशी तेव्हा हवा नव्हती. तसबिरीतल्या पिंपळाचं कारण सांगितलं असतं तर ते आणखी हसले असते. आणि तोडतो म्हणून तर मी सगळ्यांसमोर बोलून बसलो होतो.

सकाळी निम्मं गाव जमलं होतं. मुंजा मला कसा धरतो ते बघायला आले होते, दुसरं काय. आबा हात लावणार नव्हता, पण बघायला तोही आला होता. मी कुऱ्हाड खांद्यावर घेऊन पिंपळापुढे उभा राहिलो आणि माझा हात काही उचलेना. पोरं बघत होती, त्यात माझी लेकही होती. शेवटी मी मागे वळलो.

"आबा, तुमची रीत आदी करा. कुऱ्हाड टेकवा."

आबाने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग पुढे झाला, वहाणा काढल्या आणि कुऱ्हाड बुंध्याला उभी केली. पिंपळाच्या बुंध्याला खाचा फार. कुऱ्हाड एका खाचेत अशी बसली की जणू सुताराने बसवली. आबाने चंची काढली, तंबाखू मळली, बार भरला. मी त्याच्या शेजारी उकिडवा बसलो. वारा नाही, पान हलत नाही. आबाचा गाल फुगलेला होता तो हळूहळू उतरायला लागला आणि माझ्या कपाळावर घाम आला. झाडाने नाही म्हणावं म्हणून मी मनातल्या मनात पिंपळाची विनवणी करत होतो. मी, ज्याने आबाला सहा वर्षं वेड्यात काढलं होतं.

आबा थुंकायला मान वळवणार, तेवढ्यात मी धोतर सावरायच्या निमित्ताने उठलो. माझं कोपर दांड्याला लागलं आणि कुऱ्हाड खण्णकन दगडावर पडली.

आबा सावकाश उठला, त्याने मुंडासं नीट केलं आणि झाड नाही म्हणतंय असं जाहीर केलं. सरपंच चिडले. मग भिंतीचं काय करायचं, असं त्यांनी विचारलं.

"भितीला टेकवून बघा की," आबा म्हणाला. "न्हाई पडली तर भित पाडा."

झाडाने नाही म्हटल्यावर गावातल्या एकाही माणसाची पुढे बोलायची टाप नव्हती. त्याच दिवशी शाळा रिकामी केली आणि भिंत उतरवायला सुरुवात झाली. नवी भिंत आठ हात आत घ्यायची ठरली. गाडीच्या स्प्रिंगचा पाटा मोडलाय असं शेठला कळवून मी तीन दिवस ओढ्यातला दगड वाहिला. आबा गावातच थांबला. दगड चढवायला, उतरवायला तो माझ्यासमोर असायचा आणि दगड हातातून हातात जायचा.

भिंत उभी राहीपर्यंत मास्तरांनी शाळा पिंपळाखाली भरवली. तिथं मागची भिंत नव्हती, त्यामुळे मागची जागाही नव्हती. पोरं सावली सरकेल तशी सरकत होती. तिसऱ्या दिवशी मी दगड घेऊन आलो तर माझी लेक मास्तरांच्या अगदी पुढ्यात बसून मोठ्याने पाढे म्हणत होती, आणि तिच्या मागे सरपंचांचा नातू चुकत होता. मी गाडी बंद करून तिथंच बसून राहिलो. त्या दिवसाइतका आनंद मला पुढे स्वतःची गाडी घेतल्यावरही झाला नाही.

चौथ्या दिवशी आम्ही सांगलीला निघालो. आईने आबाला भाकरी बांधून दिली होती. ती त्याने घेतली आणि आष्टा यायच्या आत संपवलीही. चंची मधे ठेवलेली होती. पण माझ्या पोटात काही राहत नव्हतं. सहा वर्षं समोरासमोर करवत ओढलेल्या माणसाला मी भर गावात फसवलं होतं, तेही त्याच्याच रीतीत. आष्टा मागे पडल्यावर मी बोललो की आबा, त्या दिवशी कुऱ्हाड आपोआप पडली नव्हती.

आबाने तंबाखू मळायचं थांबवलं नाही.

"ठावं हाय. कोपर लय वर लावलंस गड्या. अर्ध्या गावाला दिसलं आसंल. त्ये तसं न्हाई करायचं." त्याने चंचीची दोरी गुंडाळली आणि ती माझ्या हातावर ठेवली. "पायाचा अंगठा दांड्याच्या बुडाला लावायचा. माजं आजपतूर कुनाच्या ध्यानात आलं न्हाई."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. जांभळाच्या झाडामागे उंबऱ्यात उभी असलेली ती बाई आठवली, चिंचेची झोळी आठवली, साळुंक्यांची पिल्लं आठवली. इतकी वर्षं मला फसवलं म्हणून मला आबाचा राग आला, आणि तो येता येताच मला इतकं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं. आबा आपला समोर रस्त्याकडे बघत बार भरून बसला होता. मागून एस.टी.चा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, त्याला मी त्या दिवशी खुशाल पुढे जाऊ दिलं.

त्यानंतरही आम्ही तीन वर्षं एकत्र झाडं तोडली. आबा वहाणा काढून कुऱ्हाड टेकवायचा, पण मी आता गाडीत पाठ करून बसत नव्हतो. समोर येऊन बसायचो आणि बार संपेपर्यंत त्याच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहायचो.