जवाईबुवांचं पाणी

मार्चची एकवीस तारीख आणि काम स्लॅबचं. सासूबाईंच्या खोलीचा जुना स्लॅब दर पावसाळ्यात गळायचा. गेल्या वर्षी त्याचा एक पोपडा थेट त्यांच्या खाटेच्या उशाशी पडला, तेव्हाच मी ठरवलं की हा पाडायचा आणि नवा असा घालायचा की खाली पुन्हा पातेलं ठेवावं लागू नये. राळेगावात स्लॅब घालून देणारे मिस्त्री पुष्कळ आहेत, तेव्हा त्याची काळजी नव्हती. काळजी होती आमच्या जवाईबुवांची. ते त्या दिवशी हजर राहणार होते, आणि जगात पाण्याकडे त्यांच्याइतक्या संशयाने पाहणारा दुसरा माणूस असेल असं मला वाटत नाही.

जवाईबुवा म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. केमिकल इंजिनिअर. सगळी नोकरी रंगाच्या आणि बांधकामाच्या रसायनांच्या कारखान्यात झाली, आता निवृत्त होऊन नागपुरात राहतात. त्यांचं एकच म्हणणं आहे: "वहिनी, वस्तू काय आहे ते विचारू नका. ती कशात भिजली होती ते विचारा." या एका वाक्यावर त्यांनी साऱ्या संसाराचा अर्थ लावला आहे. रंग म्हणजे पावडर नव्हे, ती कशात घोळली ते. कापड म्हणजे सूत नव्हे, त्याला लावलेली खळ. लग्नाच्या पंगतीत वाढप्याने कढी वाढली की ते वाटी तिरकी करून कढी काठाकडे कशी सरकते ते पाहतात, आणि मगच भुरका मारतात. बाकीची पंगत ताकापर्यंत पोचलेली असते आणि हे अजून वाटीला कलतं करून डोळे बारीक करून बसलेले. कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी मोरीत जातात, रिकाम्या बाटलीत पाणी घेऊन त्यात साबणाचा कपटा टाकतात आणि खळखळ हलवतात. फेस आला तर घर चांगलं. एकदा पुतण्यासाठी मुलगी पाहायला नेरला गेलो होतो. मुलीच्या आईने वरण नीट शिजलं नाही म्हणून दिलगिरी व्यक्त केली, तर हे भर बैठकीत म्हणाले, "डाळीचा दोष नाही, मुलीचाही नाही. तुमच्या बोअरचं पाणी जड आहे. आमच्याकडे आली की वरण आपोआप शिजेल." ती सोयरीक जमली. वरण शिजतं की नाही ते मी विचारलेलं नाही.

त्यांच्या स्वतःच्या लग्नाची गोष्ट तर नणंदबाई अजून रागाने सांगतात. पाहायला आले तेव्हा पुढ्यात चहा आणि टोस्ट ठेवले होते. यांनी टोस्टाचं टोक चहात धरलं आणि चहा वर कसा चढतो ते पाहत बसले. टोस्ट गळून कपात पडला तरी नजर हलली नाही. "मले पाह्यलंच नाही वो या माणसानं," नणंदबाई म्हणतात, "टोस्ट पसंत करून गेला." जवाईबुवा यावर एवढंच म्हणतात, की टोस्ट उत्तम भाजलेला होता.

अशा माणसाला एरवी घरच्यांनी गप्प बसवलं असतं. पण आमच्या सासूबाईंच्या लेखी जावई म्हणजे देवाच्या खालोखाल. त्याचं पान पहिलं, त्याचा पाट वेगळा, आणि त्याने तोंडात घातल्याशिवाय घरात कुणी कशाची चव पाहायची नाही. मीठ बरोबर आहे का हे सुद्धा नाही. लग्न होऊन आले तेव्हा या नेमामुळे मी कितीदा तरी खारट भाजी वाढली आहे. तर या मानामुळे जवाईबुवांना कुणी अडवत नाही.

स्लॅबच्या दिवशी सकाळी त्यांनी मिक्सरशेजारच्या पाण्याच्या ड्रमाला लागून खुर्ची टाकली आणि ड्रमावर झाकण ठेवून त्यावर हात ठेवला. गिट्टी, रेती, सिमेंट यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सासूबाईंनी नारळ फोडला आणि रिवाजाप्रमाणे नदीचं लोटाभर पाणी पहिल्या मालात ओतलं. त्याबरोबर जवाईबुवांनी मालासाठी मोजून ठेवलेल्या बादलीतून लोटाभर पाणी काढून परत ड्रमात टाकलं.

"असं काहून केलं जवाईबुवा?" सासूबाई दुखावल्या.

"तीर्थ असलं तरी पाणीच आहे, आई. हिशोबात धरावं लागतं."

मिस्त्री हसला. पण ऊन चढलं तसं त्याचं हसू आटलं. माल घट्ट येत होता. घमेली वाहणाऱ्या बाया कुरकुरू लागल्या, सळयांच्या खाली माल उतरेना. मिस्त्री काम थांबवून खाली आला.

"बाई, माल चालून नाही राह्यला. या साहेबाले म्हणा, ड्रम सोडा. एकेक बादली जास्त टाकू द्या."

"एक थेंब नाही," जवाईबुवा म्हणाले. "सिमेंट त्याला लागतं तेवढंच पाणी पितं. उरलेलं आत बसून राहतं आणि वाळलं की तिथे पोकळ्या राहतात. मागच्या स्लॅबात तेच झालं होतं. वहिनींच्या पातेल्यात पाऊस त्याच वाटेने येत होता."

"आन् हा माल सळईखाली गेला नाही त मधमाशीचं पोळं होईल, त्याचं काय? त्या भोकातून पाणी येत नाही का?" मिस्त्रीही काही कमी नव्हता, आणि त्याचं म्हणणं खोटंही नव्हतं.

"त्यासाठी औषध आणलंय ना मी," जवाईबुवा ऐटीत उठले. काल येताना त्यांनी आपल्या जुन्या कारखान्यातून तपकिरी द्रवाचा एक कॅन आणला होता. थोडासा मालात घातला की पाणी न वाढवता माल सैल होतो, असं त्यांनी मला रात्री जेवताना समजावलं होतं. कॅन ओसरीत ठेवला होता. आता तिथे नव्हता.

जवाईबुवा ओसरी, अंगण, गोठा पालथा घालू लागले. मिक्सर रिकामा फिरत होता. वर अर्धा स्लॅब ओतून झालेला, आणि त्या उन्हात त्याची कड वाळत चाललेली. ती कड वाळली की नव्या-जुन्या मालाचा सांधा कच्चा राहणार, हे मला मिस्त्रीने सकाळीच सांगितलं होतं. जवाईबुवांची खुर्ची रिकामी पाहून त्याने ड्रमाचं झाकण काढलं आणि बादली बुडवली.

"बादली खाली ठेवा," मी म्हणाले.

"बाई, वेळ नाही."

"मला माहीत आहे. बाया वरच्या कडेवर ओली पोती टाकतील. मी आले."

मी सरळ स्वयंपाकघरात गेले. या घरात काही हरवलं की ते सासूबाईंनी नीट ठेवलेलं असतं, हा अनुभव आहे. पुरणपोळ्यांची चळत तयार होती, आणि शेजारी सासूबाई त्याच कॅनमधून तपकिरी रस वाटीत ओतत होत्या.

"जवाईबुवानं काकवी आणली," त्या कौतुकाने म्हणाल्या. "रिकाम्या हातानं येत नाही तो कधी. जरा पातळ हाये, पण रंग पाह्य कसा."

"तुम्ही चाखलीत?"

"मी कायले चाखीन? त्याचं पान वाढलं नाही अजून."

आयुष्यात पहिल्यांदा मला तो नेम आवडला. मी वाटी परत कॅनमध्ये उलटी केली आणि धावले. मागून सासूबाई ओरडत होत्या, "अवं, काकवी स्लॅबात टाकता का?" जवाईबुवांनी हे ऐकलं मात्र, त्यांचा चेहरा पांढरा झाला. "काकवी नाही! काकवी पडली तर सिमेंट बसणारच नाही! आणि हे तुमच्या पोटात गेलं असतं तर तुम्हालाही बसवलं नसतं, आई!"

मापाने औषध मिक्सरमध्ये गेलं. मिक्सर काही फेरे फिरला आणि तोच माल, पाण्याचा थेंब न वाढवता, सैल पुरणासारखा घरंगळत बाहेर आला. मिस्त्री वर गेला, माल सळयांखाली शिरताना पाहिला आणि वरूनच ओरडला, "साहेब, हे सकाळीच द्याचं होतं ना! माह्या कंबरेची वाट लागल्यावर काहून काढलं?" जवाईबुवांनी पहिल्यांदाच मान खाली घातली. बचत करायची होती म्हणे.

दिवस मावळायच्या आत काम झालं. मिस्त्रीने थापीने स्लॅब ठोकून पाहिला. "हा गळत नाही, बाई," तो म्हणाला, आणि सासूबाईंनी त्यालाही जावयाच्या पंगतीला बसवलं.

जेवणं झाल्यावर बाया लोट्यामागून लोटा पाणी पीत होत्या. जवाईबुवा आपल्या छोट्या बाटलीतून एक घोट घेऊन ती बंद करून बसले होते. त्यांच्या बाटलीवर रेघा आहेत. मूत्रपिंडं थकली आहेत, दिवसाचं पाणी डॉक्टरांनी बांधून दिलं आहे, आणि आठवड्यातून ठरलेल्या दिवशी नागपुरात डायलिसिसच्या यंत्रावर रक्त धुवावं लागतं. दुसरा दिवस त्याचाच होता. दिवसभर त्या उन्हात, पाण्याने भरलेल्या ड्रमावर हात ठेवून ते बसले होते, आणि हे माझ्या आत्ता लक्षात आलं.

जवाईबुवा म्हणाले, "वहिनी, आजचा दिवस हात आखडायचा होता. उद्यापासून मात्र स्लॅबला हवं तितकं पाजा. सकाळ-संध्याकाळ. तहानलेला ठेवू नका."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने जवाईबुवा आणि नणंदबाई नागपूरला गेली. सकाळी मी पदर खोचून वर चढले, स्लॅबवर मातीचे वाफे घातले, पाइप ओढून आणला आणि एकेक वाफा काठोकाठ भरला. मोबाइलवर फोटो काढून नणंदबाईंना पाठवला. थोड्या वेळाने दवाखान्यातून फोन आला. आवाज जवाईबुवांचा होता, बराच थकलेला.

"जिन्याकडचा कोपरा कोरडा दिसतोय."

मी जाऊन पाहिलं. खरंच कोरडा होता. मी पाइप तिकडे वळवला आणि तो भरेपर्यंत फोन चालू ठेवला.