न घासलेला टाक

दसऱ्याला भिजवलेल्या चिंचेचा वास आला की मला आजही एका जागी बसवत नाही. बहात्तरच्या दुष्काळात पारनेरला प्यायलाच पाणी नव्हतं, म्हणून देवघरातले पूर्वजांचे चांदीचे टाक त्या दसऱ्याला कुणी चिंचेनं घासले नाहीत. मूळपुरुष म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पुजलेल्या गुळगुळीत टाकाच्या खाचांत काळं साचलं, आणि त्यातून नथ उमटली, डोक्यावरचा पदर उमटला. "आगं बया, ही तर बाई हाय!" आत्या ओरडली. "कुनाची गं तू?" पुढच्या वर्षी पाऊस झाला, तेव्हा वडिलांनी तो टाक स्वतः घासला, दुपारभर. आता देवघर माझ्याकडं आहे. सून चिंच भिजवून खोळंबलीय, आणि मी त्या सपाट चांदीवर अंगठ्यानं नथ चाचपतोय.