बाईंनी दिलेला कोरा गज

आमच्या व्हायोलिनच्या बाईंनी मला फसवलं. भर कार्यक्रमात, माझ्या ताईसमोर.

मुलुंडला माझं प्लायवूडचं दुकान आहे. शून्यातून उभं केलेलं, त्यामुळे कोणी गंडवायला आलं तर मला लांबूनच वास येतो. पन्नाशी उलटल्यावर व्हायोलिन शिकायला लागलो. वर्गात बाकी सगळी तिसरी-चौथीतली पोरं. वार्षिक कार्यक्रमासाठी बाईंनी नवशिक्यांना झेपेल अशी सोपी रचना बसवली. काही जणांनी धून वाजवायची, काहींनी तिला साथ करायची आणि उरलेल्यांनी बोटं न लावता दोन मोकळ्या तारा लांब ओढत राहायच्या. मी उरलेल्यांत.

"बाई, हे काय? मला नुसता भुसा?"

"अहो, तुमच्यावर तर सगळी इमारत उभी आहे."

स्वस्तातला प्लाय खपवताना हे वाक्य मी स्वतः वापरतो. मी अडून बसलो. विक्रोळीहून ताई ऐकायला येणार होती. तिच्या मते माझी फक्त भांडणं सुरात होतात. मला तिला धूनच ऐकवायची होती. घासाघीस केली, आवाज चढवला. शेवटी बाईंनी हात टेकले आणि मला धूनवाल्यांत घातलं.

तालमीत माझ्या शेजारी एक चिमुरडी उभी राहायची.

"काका, थांबा ना! तुम्ही पोचलात, आम्ही अजून निघतोय."

"मग जरा पाय उचला."

"आणि तो सूर तो नाहीये, काका. त्याच्या बाजूचा आहे."

बाकीची पोरं फिदीफिदी हसली. बाई हसल्या नाहीत.

कार्यक्रमाच्या दिवशी स्टेजमागे बाईंनी माझ्या हातातला गज काढून घेतला. "याचे केस झिजलेत. हा घ्या, कोरा करकरीत. तुमच्याकडेच ठेवा."

फुकट मिळालेल्या मालात खोट काढणं आमच्या धंद्यात बसत नाही. घेतला आणि सुटलो. सगळ्यांत मिसळून इतकं गोड येत होतं की मी डोळेच मिटले. टाळ्या थांबेनात. ताईचे डोळे भरलेले.

"काय रे, एवढं लपवून ठेवलं होतंस होय? रविवारी घरी ये. शेजाऱ्यांना बोलावते, एकट्याने वाजव."

घरी बायकोने मोबाइलवर काढलेला व्हिडिओ लावला. सुरुवातीला मी सगळ्यांच्या आधी निघालोय. गज जोरात चाललाय आणि आवाज येतोय फक्त पंख्याचा. मग पोरं सुरू झाली, तेव्हा कुठे संगीत.

"अहो, इतके गप्प तर तुम्ही लग्नातही नव्हतात," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गज घेऊन वर्गात गेलो. चिमुरडीने केसांवरून बोट फिरवलं. "काका, याला राळच नाही! राळ नसली की गज तारेवरून नुसता घसरतो. आमच्या गजांना बाईच लावून देतात ना नेहमी."

"बाई, राळ?"

"अय्या, विसरले हो!" म्हणाल्या आणि पाठ फिरवून पेटी आवरायला लागल्या. खांदे हलत होते.

पोरांच्या एकाही गजाला विसरल्या नाहीत, बरोबर माझ्याच गजाला विसरल्या. ठीक आहे. रविवारी विक्रोळीत ताईच्या शेजाऱ्यांसमोर मी एकट्याने काय वाजवायचं, ते आता बाईंनी सांगावं. वर्गात नाही. तिथे येऊन, ताईच्या तोंडावर सांगावं.