झिंगे शेवटी टाकायचे

लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी झिंगे (गोड्या पाण्यातली कोळंबी) मटणासारखे तासभर रटारटा शिजवले. त्यातच रोहूचे तुकडे, आणि वरून पळीनं सारखं ढवळणं. माहेर हट्टा गावचं, मासा म्हणजे सुकट एवढीच माझी ओळख. पण विचारीन तर शपथ! रोहूचा काटेरी गाळ झाला, झिंग्यांचं खोडरबर. सासरे जेवण सोडून काटे वेचत बसले. थोरली नणंद, आमची आक्का, पाहुण्यांदेखत खो खो हसली. त्या दिवसापासून तिनं माझ्या हातचा मासा तोंडात घातला नाही.

आता आक्का ऐंशीला टेकली, सिद्धेश्वर धरणाजवळ मुलाकडे असते. मी अडुसष्टची. म्हटलं, दोघींपैकी एक जायच्या आत तिच्याच घरात, तिच्याच चुलीवर मासा करायचा आणि तिला खाऊ घालायचा.

सून आडवी आली. "आई, गुडघे धड न्हाईत. काहून चालल्या? व्हिडिओवर बोला की."

"व्हिडिओत घास भरवता येतो का गं?" म्हणत मी वसमतची हळद पिशवीत टाकली आणि एसटी गाठली.

औंढ्याला गाडी बदलताना पुडी फुटली. अर्धी साडी पिवळी. कंडक्टर म्हणाला, "आजी, हळद लागली की! नवरदेव कुठाय?"

"धरणात पोहून राहिलाय. त्यालाच आणायला चालले."

सिद्धेश्वरला उतरले तर धरणावरून भणभण वारा. काठावर जाळी वाळत पडलेली, बाजूला ताडपत्रीवर मासळी. विकणारी म्हणाली, "मावशी, मरळ जिती हाय. झिंगे बी घ्या. समदं एकाच रश्श्यात सोडा, बराबर व्हतंय."

"तसं एकदा केलंय बाई. अजून हसून राहिलेत लोक."

मरळ रश्श्याला घेतली, ती घट्ट अंगाची, उकळी सोसते. रोहू तव्यासाठी. झिंगे वेगळ्या पिशवीत.

आक्का दारातल्या बाजेवर होती. पिशवी पाहून म्हणाली, "आज बी रबरच का?"

"खाऊन बोला."

रोहूला हळद, मीठ, लसूण चोळून, ज्वारीच्या पिठात घोळवून तव्यावर टाकला. कड आपोआप सुटेपर्यंत हात लावला नाही. मरळ चिंचेच्या रश्श्यात सोडली. पळी घेतलीच नाही, फडक्यानं भगुणं (पातेलं) धरून गोल फिरवलं. पानं मांडल्यावर मगच झिंगे, कांद्यावर, मोठ्या जाळावर. लाल होऊन वळले आणि हात शिवशिवला: अजून दोन मिनिटं! ही माझ्यातली तीच तोऱ्यातली नवरी. तिला म्हटलं, गप बस भवाने, आणि तवा उतरवला.

आक्कानं आधी एक झिंगा बोटानं दाबून पाहिला. मग खाल्ला. मग दुसरा. 

परतीच्या एसटीत हाताला माशाचा वास होता. शेजारीण नाक दाबून सरकली. सरकू दे, मी साबण मुद्दामच लावला नव्हता. उभ्या जन्मात एक हट्ट तडीस नेला, तो लगेच धुवायचा कशाला? आणि कानात आक्काच होती. ताट पुसून झाल्यावर, माझ्याकडं न बघता ती म्हणाली होती:

"त्या दिवशी झाकण काढून म्या दोनदा पाह्यलं व्हतं, सुमन. झिंगे कवाच शिजले व्हते. उतरव म्हणले न्हाई म्या. आता बघून काय राहिली? वाढ अजून."