आनंद म्हटल्यावर काय आठवतं

“मॅडम, सीधं सांगा. मेमरी गेली का हिची?” मेजरसाहेबांनी खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं.

मी चंदीगडमध्ये क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. साहेब मूळचे साताऱ्याचे, इथे पोस्टिंगवर. सोबत बायको वैशाली, मान खाली घातलेली. तिला बायपोलर डिसऑर्डर. कधी मन इतकं उधाणतं की झोपही नको होते, तो मॅनिया. कधी ते पार तळाला जातं, ते डिप्रेशन. त्या दिवशी ती तळाला होती.

“मी ओवीसाठी कधीच काही केलं नाही,” ती लेकीबद्दल म्हणाली. “तिला हॉस्टेलला टाका. तिथे तरी नीट वाढेल.”

पुढची पोस्टिंग तोंडावर होती, हॉस्टेलची अ‍ॅडमिशन ठरत आली होती. साहेब रोज संध्याकाळी तिला जुने फोटो दाखवून उलटतपासणी घ्यायचे, युद्धसरावानंतर जवानांची घ्यावी तशी. ती नुसती रडायची. ते मी आधी बंद करायला लावलं.

मग टेस्ट. मी एक शब्द देते, पेशंटने त्यावरून एक नेमका प्रसंग सांगायचा.

“आनंद.”

“मुलं हसतात तेव्हा होतो.”

“एखादा दिवस?”

“तसा दिवसच नाही.”

डिप्रेशनमध्ये आठवणी अशा सरसकट होतात, नेमका प्रसंग निसटतो. दुःखाच्या चटकन येतात, सुखाच्या हाती लागत नाहीत. मी साहेबांना म्हटलं, “आठवणी गेल्या असतील असं वाटत नाही. आत्ता तिथवर तिला पोचता येत नाहीये. हॉस्टेलचं थांबवा.”

“पक्का?”

“पक्कं सांगता येत नाही. तरी थांबा.”

सायकिअ‍ॅट्रिस्टनी औषधं बदलली. हळूहळू मूड सावरला. मी पुन्हा तोच शब्द दिला.

वैशाली चक्क हसली. “मागच्या पोस्टिंगचं पॅकिंग. ओवी रिकाम्या काळ्या पेटीत जाऊन बसली. मी म्हटलं, चला, ही पेटी ट्रकमध्ये चढवा. तर आतून ओरडते, ‘मम्मा, मुझपे फ्रॅजाइल लिखो!’ मग मी खडूने तिच्या पाठीवर लिहिलं. डांबरगोळ्यांचा वास येत होता तिच्या केसांना.”

तीच बाई, तीच खुर्ची, तोच शब्द. खडू, पाठ, वास, सगळं जागच्या जागी होतं, आणि तिला ते नव्हतंच असं वाटलं होतं. इतकी वर्षं हे काम करते, तरी मी थक्क झाले.

सगळंच परत आलं नाही. मॅनियातले काही आठवडे धूसरच राहिले.

हॉस्टेल रद्द झालं. ओवी आईबापांबरोबर नव्या पोस्टिंगला गेली. मी मात्र तेव्हापासून डिप्रेशनमधल्या माणसाचं ‘कधीच’ नीट ऐकून घेते, पण त्यावर विसंबून कुणाची बॅग भरू देत नाही.