पूर्वेच्या भिंतीवरचं पेन्सिलचं वर्तुळ

शुक्रवार, ९ जानेवारी, सकाळी सात चाळीस. घरात हजर : अक्का, माझे यजमान आणि मी. भाऊजी बैठकीच्या खोलीत, काचेच्या टाकीसमोरच्या वेताच्या खुर्चीत... त्यांना हजर धरायचं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. चहा घेऊन मी आत गेले तेव्हा वही त्यांच्या मांडीवर उघडी होती आणि सकाळची नोंद झालेली होती. वेळ, सहा पंचेचाळीस. हवा, एक हजार ऐंशी. माणसं, एक. खिडकी, बंद. म्हणजे पावणेसातला ते होते. डॉक्टर आले, त्यांनी मान हलवली, आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पंचायत समितीत आवक-जावक टेबलावर बावीस वर्षं काढली की नजर अशा वेळीही आधी घड्याळाकडेच जाते. रडायचं मला दुपारी आठवलं.

मनोहर भाऊजी माझे थोरले दीर. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, त्यांच्या पत्नी. आम्ही चौघं औंढ्यात एकाच घरात राहत होतो. भाऊजींची सगळी नोकरी सिद्धेश्वर धरणावर पाणीपातळी मोजण्यात गेली. पट्टीवरचा आकडा बघायचा, रजिस्टरात लिहायचा, वर कळवायचा. पूर असला की दर तासाला. निवृत्तीच्या वर्षी ते अक्कांना घेऊन कोकणात गेले, तिथे कुणीतरी त्यांना पाण्याखालचं जिवंत पोवळं दाखवलं, आणि परत येताना त्यांच्या डोक्यात टाकी पक्की झाली होती. जिथून समुद्र गाठायला अख्खा दिवस लागतो, त्या गावात त्यांनी बैठकीच्या खोलीत समुद्र भरला. गाळलेलं पाणी, कुरिअरने आलेलं मीठ, निळे दिवे, लाईट गेल्यावर पंप चालू राहावा म्हणून वेगळा इन्व्हर्टर. देवळाभोवतीच्या दुकानांत पोवळ्याच्या माळा मिळतात. नागनाथाच्या दर्शनाला आलेले पाहुणे माळ घेऊन आमच्याकडे चहाला यायचे, तेव्हा भाऊजी माळेवर बोट ठेवून म्हणायचे, “हे मेलेलं. जितं पाहायचं तर इकडं या.”

पहिली दोन वर्षं मात्र पोवळी वाढेनात. हिवाळ्यात तर आक्रसून बसायची. पाणी तपासलं, ते बरोबर होतं. भाऊजींनी मग धरणावर केलं तेच केलं, रोजचे आकडे लिहून काढले. दोन महिन्यांनी त्यांच्या लक्षात आलं की घरात पाहुणे असले, दारं-खिडक्या लावलेली असली, की त्या दिवशी पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, उतरतो. इकडे सामू हा शब्द मातीच्या तपासणीमुळे शेतकऱ्यांना पाठ आहे, म्हणून मला समजावायला त्यांना वेळ लागला नाही. बंद खोलीत आपण सोडलेला श्वास साठतो. त्यातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरतो, सामू घसरतो, आणि पोवळ्याला आपलं चुन्याचं हाड बांधता येत नाही. मग त्यांनी हवेतला तो वायू मोजणारं एक छोटं मीटर मागवलं आणि टाकीच्या कडेला ठेवलं. बाहेर अंगणात ते सव्वाचारशे दाखवायचं. खोलीत नऊशेच्या वर गेलं की टूं टूं करायचं आणि भाऊजी उठून पूर्वेची खिडकी उघडायचे. वहीत दोन रकाने वाढले : माणसं आणि खिडकी.

याच खिडकीवरून माझं आणि त्यांचं जमेना. ती गल्लीवर उघडते. धूळ, थंडी, डास, सगळं तिथूनच येतं, आणि झाडलोट माझ्याकडे. ते उघडायचे, मी लावायचे. गेल्या संक्रांतीला माझं हळदीकुंकू होतं. खोलीत बावीस बाया, आणि भाऊजी दारात हातात मीटर घेऊन उभे. शेजारच्या शकुंतलाबाई पदराआड हसत म्हणाल्या, “भाऊजी, आमचा श्वास मोजून राहिले व्हय?” भाऊजी मान वर न करता म्हणाले, “श्वासाचं काई न्हाई, बाई. गप्पांनी आकडा जास्त चढते.” बाया हसल्या. मी हसले नाही. त्या दिवसापासून आठ दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले आणि खिडकी मुद्दाम लावत राहिले.

खिडकी उघडी ठेवण्यात खरी तकलीफ अक्कांची होती. त्यांना दमा आहे. आमच्या गल्लीच्या टोकाला हळद पॉलिश करायचं यंत्र बसतं. उन्हाळ्यात ते फिरायला लागलं की सगळ्या गल्लीवर पिवळी धूळ उतरते, आणि ती दोन महिने अक्कांना खोकवून काढते. म्हणजे खिडकी उघडली की अक्कांचा श्वास कोंडतो आणि लावली की टाकीचा. यावर भाऊजींनी मार्ग शोधला होता. टाकीखाली पाण्यात हवा घुसळणारं एक यंत्र आहे, ते खोलीतलीच हवा ओढतं. त्याची नळी भिंतीतून बाहेर काढायची, तोंड भिंतीच्या कडेने मागच्या परसात न्यायचं, त्यावर गाळणी बसवायची. मग खिडकी कायमची बंद ठेवली तरी चालेल. नळी आणली, गाळणी आणली, डिसेंबरात पूर्वेच्या भिंतीवर खिडकीच्या खाली पेन्सिलने रुपयाएवढं वर्तुळ काढलं. भोक तेवढं राहिलं.

गुरुवारी संध्याकाळी, म्हणजे आदल्या दिवशी, मी खिडकी लावत होते. ते म्हणाले, “सुमनबाई, राहू द्या थोडी उघडी.” मी म्हणाले, “थंडी किती हाय भाऊजी. सकाळी उघडा तुमी.” त्यांनी पेन उचललं. वहीत लिहिलं, बंद. सकाळीही तोच शब्द लिहिला... एक हजार ऐंशी आकडा समोर दिसत असताना ते चार पावलांवरच्या खिडकीपर्यंत उठून का गेले नाहीत, याचं एकच कारण असू शकतं, आणि ते मी इथे लिहिणार नाही.

भाऊजी त्या खोलीत गेले म्हणून दिवा त्या खोलीत लागला. आमच्याकडे गव्हाच्या पिठावर दिवा ठेवतात, तो दहा दिवस विझू द्यायचा नसतो. वारा लागू नये म्हणून पंखा बंद, खिडकी बंद. पुरुष बाहेर मांडवात बसतात, बाया आत. मी कामाला लागले. कुणाला कळवायचं, कोणाकडून सतरंज्या आणायच्या, याद्या करत सुटले. शुक्रवारी संध्याकाळी मीटर तेराशे दाखवत होतं. ते टूं टूं करत होतं म्हणून मी त्याचा आवाज बंद केला. हे मीच केलं. शनिवारी सतराशे. टाकीच्या पाण्यातल्या दुसऱ्या मीटरवर सामू आठ पूर्णांक दोनवरून सात पूर्णांक नऊवर आला होता. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. भाऊजी ज्यांच्याकडून पोवळी आणायचे त्या संभाजीनगरच्या दुकानदाराला फोन केला. ते म्हणाले, एखाद-दुसरा दिवस निभावेल, पण एक मेलं की पाणी नासतं आणि मग मागोमाग सगळी जातात. काय करू, मी विचारलं. ते म्हणाले, हवा खेळती ठेवा, दुसरं काही करू नका.

रविवार, ११ जानेवारी, सकाळी अकरा. बैठकीत हजर : दिव्याजवळ अक्का, दाराशी मी, आणि एकोणीस बाया. मीटर, दोन हजार एकशे. सामू, सात पूर्णांक सात. जांभळं पोवळं रोज दहाला टाकीचे निळे दिवे लागले की बोटं बाहेर काढायचं, ते मुठीसारखं मिटून होतं. एका हिरव्या पोवळ्याची कड पांढरी पडली होती. मी मांडवात गेले. तिथे यजमानांचे चुलते, शिरड शहापूरचे आबा, बसले होते. विधीचं सगळं तेच बघत होते. बायांना थोडा वेळ उन्हात बसवू का, असं मी विचारलं.

“काहून?” आबा म्हणाले. “बसायला आलेल्या माणसाला ऊठ म्हणायचं?”

मग खिडकी उघडते, मी म्हणाले.

“आन दिवा इझला तर? सूनबाई, माशांपायी दिवा इझवता का मनोहरचा?”

मांडवातली सगळी माणसं माझ्याकडे पाहत होती. ते मासे नाहीत, हे सांगण्यात अर्थ नव्हता. मी आत आले. तिथेही ते ऐकू गेलंच होतं. कुणीतरी हळूच म्हणालं, दगडाचं काय एवढं... मी वही उचलून टाकीपाशी उभी राहिले, कारण दुसरीकडे कुठे उभं राहावं ते कळेना.

अक्का तीन दिवसांत एक शब्द बोलल्या नव्हत्या. दिव्यात तेल घालायचं, वात सारायची, एवढंच. त्यांनी वर पाहिलं.

“आज वही लिहिली का?”

“न्हाई, अक्का.”

“तापात होते तवाबी त्यांनी रकाना कोरा ठेवला न्हाई. लिही. माणसं किती?”

मी मोजली. “तुमी, मी धरून एकवीस.”

“आकडा?”

“दोन हजार एकशे.”

इतकी वर्षं मला वाटायचं, अक्कांना त्या वहीतलं काही कळत नाही. अक्का म्हणाल्या, “नवशाच्या वर गेलं का ते खिडकी उघडत. उघड.”

आबा दारात येऊन उभे होते. दिव्याकडे बोट करून म्हणाले, “आन हे?”

मला तेव्हा माळ्यावरच्या सामानाची यादी आठवली. ओळ सतरा : कंदिलाची काच, एक, न तडकलेली. यजमानांनी ती काढून आणली, मी पुसली आणि दिव्यावरून हळूच खाली सोडली. ज्योत सरळ झाली. मी खिडकीच्या कडीला हात घातला, आणि मागून कुणीतरी “अगं...” म्हणालं. ज्योत खाली बसत होती. आधी पिवळी होती ती निळसर झाली, वातीला चिकटली. अक्कांचा हात पुढे आला आणि तसाच राहिला. माझ्या हातून दिवा विझतोय, एकवीस माणसांसमोर, एवढंच मला कळत होतं.

आबा गुडघ्यावर बसले. तापलेली काच त्यांनी उघड्या बोटांनी बोटभर वर उचलली. “खालून हवा मिळंना त्याला,” ते म्हणाले. “कंदिलाला खाली भोकं असतेत. सुपाऱ्या आना तीन.” शकुंतलाबाईंनी चंचीतून सुपाऱ्या काढून दिल्या. आबांनी त्या पिठात काचेच्या कडेखाली तीन बाजूंनी रोवल्या आणि हात काढून घेतला. ज्योत थरथरली, मग उठून उभी राहिली.

मी खिडकी उघडली. थंड वारा आत आला, पडदा उडाला. दिवा हलला नाही.

आबा तिथेच बसून राहिले. बोटं फुंकत थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “आता किती?” सोळाशे, मी म्हणाले. पाच मिनिटांनी पुन्हा, “आता?” शकुंतलाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. “चला वं बायांनो, उन्हात बसू. आपण न्हाई उठलो तर आकडा कसा उतरंल?” कुणी कुणाला ऊठ म्हणालं नव्हतं. बारा दहाला मीटर आठशे चाळीसवर आलं. मी वहीत लिहिलं. खिडकी, उघडी.

दिवा दहा दिवस राहिला. हिरवं पोवळं वाचलं नाही, ते मी चिमट्याने काढलं. जांभळं गुरुवारी दुपारी उघडलं. त्या दिवशी आबांचा शिरडवरून फोन आला होता. आधी अक्कांची खुशाली विचारली, मग आकडा.

आज या गोष्टीला सहा आठवडे झाले. वेताची खुर्ची जागेवरच आहे. रोज सकाळी पावणेसातला अक्का उठतात, शाल गुंडाळून पूर्वेची खिडकी उघडतात, त्या खुर्चीत बसतात आणि वही मांडीवर घेतात. त्यांचं अक्षर मोठं आहे, रकान्यात मावत नाही. माणसं, एक. खिडकी, उघडी. मी चहा घेऊन जाते तेव्हा दारात क्षणभर थांबते. त्यांनी पान उलटल्याचा आवाज ऐकू आला की मगच आत जाते.

गेल्या आठवड्यात आजूबाजूच्या शेतांत हळद उकडायला सुरुवात झाली. अजून तीन-चार आठवड्यांत गल्लीच्या टोकाचं यंत्र फिरायला लागेल. त्याआधी भिंतीला भोक पडलं पाहिजे. ड्रिल मशीनवाला दोनदा विचारून गेला. नळी तयार आहे, गाळणी तयार आहे, वर्तुळ तर आहेच. पण वहीच्या शेवटच्या पानावर भाऊजींची छोटी यादी आहे. तिच्यात पहिली ओळ नळी, दुसरी गाळणी, दोन्हींपुढे बरोबरची खूण. तिसरी ओळ : “भोक पाडण्याआधी हिला विचारणे.” भाऊजी धरणावर असताना हे घर अक्कांनी एकटीने उभं राहून बांधून घेतलं. ती भिंत त्यांची आहे. त्या ओळीपुढे खूण नाही.

आणि मला माहीत आहे की भोक पडलं की खिडकी उघडायची गरज उरणार नाही. पावणेसातला उठायची गरज उरणार नाही. अक्का लगेच हो म्हणतील. त्या कशालाच नाही म्हणत नाहीत, म्हणून तर विचारणं अवघड आहे. दर सोमवारी मी आठवड्याची यादी करते आणि राहिलेली कामं पुढच्या पानावर उतरवते. या सोमवारीही उतरवलं, ओळ चार : अक्कांना विचारणे.